येतो, येईन आणि येणार

मागच्या आंब्याच्या हंगामातली गोष्ट. जामसंड्याला घरी गेलो होतो. पुतण्या हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकांना पाठवतो. एका अमराठी गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, पेटी कधी निघणार? हा म्हणाला, "आय विल सेंड टुमॉरो."

दुसऱ्या दिवशी गडी आले नाहीत, काढणी राहिली. गिऱ्हाईक फोनवर चांगलंच तापलं. पुतण्या वैतागून मला म्हणाला, "काका, मी शब्द कुठे दिला होता? जमलं तर पाठवीन, एवढंच मनात होतं."

खरंच होतं त्याचं. पण इंग्रजीत त्याने शब्दच दिला होता!

आपल्याला शाळेत काय शिकवलं? 'मी' आणि 'आम्ही' असेल तर शॅल, बाकी विल. हा नियम जॉन वॉलिसच्या १६५३ सालच्या व्याकरणापासून चालत आलाय, आणि आज बोलण्यात तो जवळजवळ उरलेला नाही. आम्ही मात्र तो पाढ्यासारखा घोकला. पाठवीन म्हणजे विल सेंड, संपलं.

आता आपण घरात कसे बोलतो ते बघा. "उद्या पाठवतो" म्हणजे नक्की. "पाठवणार आहे" म्हणजे मनात ठरलंय. "पाठवीन" म्हटलं की दार थोडं किलकिलं राहतं. आणि चहाचा कप हातात असताना "हा काय, निघालोच!" हे तर चक्क भूतकाळात.

इंग्रजीतही अशाच पायऱ्या आहेत. सगळी सोय झाली असेल तर 'आय ॲम सेंडिंग इट टुमॉरो', नुसतं ठरवलं असेल तर 'आय ॲम गोइंग टू सेंड इट'. समोरच्याला 'आय विल' म्हटलं की तो बहुधा वचन समजतो. आपल्या त्या किलकिल्या 'पाठवीन'ला 'आय विल ट्राय' किंवा 'आय मे' जवळचं. समुद्रावर काळं भरून आलं की आपण "पाऊस येणार" म्हणतो, तेच 'इट इज गोइंग टू रेन'. "गाडी सहाला सुटते" हे तर दोन्हीकडे वर्तमानकाळातच.

स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या भाषेत 'जाणे' या क्रियापदाने भविष्य सांगायची रीत आहे, त्यामुळे 'गोइंग टू' त्यांना घरचंच वाटत असणार. आपल्याकडे 'णार' आहे, 'तो' आहे. मालवणीतलं 'येतलंय' आहे. मग सुरुवात तिथून का नको?

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. सहा वर्षांच्या पोराला 'येतो' आणि 'येईन' यातला फरक पक्का ठाऊक असतो. आई "बघू, नेईन" म्हणाली की जत्रेला जाणं कठीण, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही! तेवढं भांडवल त्याच्याजवळ असताना आपण आधी तक्ता देतो, आणि असलेलं शहाणपण बाजूला ठेवायला लावतो.

असो. पेटी दोन दिवसांनी गेली. आंबा उत्तम निघाला, असं त्या गृहस्थाने कळवलंही. यंदा मात्र त्याची मागणी आली नाही.