फर्स्ट कॉपी नको, होमाज जरूर घ्या

रोलेक्स सबमरिनरसारखं दिसणारं, पण तबकडीवर दुसऱ्याच कंपनीचं नाव असलेलं घड्याळ घ्यावं का, हा प्रश्न या स्तंभाचे वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. विचारताना स्वर जरा दबका असतो, जणू चोरीचा माल घ्यायची परवानगी मागताहेत. तसं वाटायचं काही कारण नाही. घ्या, आणि उजळ माथ्याने घाला.

स्टेशनबाहेर ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून जे विकलं जातं, ते मात्र वेगळं. त्यावर रोलेक्सचं नाव आणि मुकुट छापलेला असतो. म्हणजे ते घालणारा समोरच्याशी खोटं बोलतो. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद सांगितली आहे. होमाज म्हणवणारी घड्याळं, मग ती इन्व्हिक्टाची असोत, स्टाइनहार्टची की पगानी डिझाइनची, स्वतःच्या नावाने उभी असतात. उसना असतो तो फक्त घाट. घाटावरचा हक्कही कायमचा नसतो. आपल्याकडे डिझाइनची नोंदणी १० वर्षांची, फार तर आणखी ५ वर्षं वाढवून मिळते. सबमरिनरने तर सत्तरी ओलांडली आहे.

आणि तो घाट एकट्या रोलेक्सच्या डोक्यातून निघालेला नाही. फ्रेंच नौदलाच्या, पाण्याखाली उतरणाऱ्या लढाऊ जवानांना काय हवं, हे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो या अधिकाऱ्यांनी ठरवलं होतं: काळी तबकडी, अंधारात चमकणाऱ्या ठळक खुणा, बाहेरून फिरणारी कडी. त्यांच्यासाठी ब्लांपां कंपनीचं फिफ्टी फॅदम्स हे घड्याळ १९५३ मध्ये आलं. सबमरिनर लोकांसमोर आलं १९५४ च्या बाझलच्या प्रदर्शनात. पाण्यात उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, की खाली किती मिनिटं झाली ते एका नजरेत कळतं. पुढे ही कडी एकाच दिशेने फिरेल अशी केली गेली. त्यामुळे धक्का लागून ती सरकली, तर झालेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्तच दिसतो आणि पाणबुड्या लवकर वर येतो. उलट सरकली असती तर हवा संपेपर्यंत त्याला कळलं नसतं. गरजेतून घडलेलं इतकं शहाणं रूप इतरांनी उचललं, यात मला गैर काही दिसत नाही.

खुद्द रोलेक्सच्या घरातच पाहा ना. संस्थापक हान्स विल्सडॉर्फने ट्यूडर ही दुसरी कंपनी काढली ती स्वस्तात भरवशाचं घड्याळ देण्यासाठीच. १९५४ पासूनच्या ट्यूडर सबमरिनरमध्ये मशीन बाहेरून विकत घेतलेलं असे. ती घड्याळं घालून फ्रेंच नौदलाचे पाणबुडे कित्येक वर्षं समुद्रात उतरले.

आज स्टीलच्या सबमरिनरला कित्येक लाख मोजावे लागतात. साधं होमाज काही हजारांत येतं. त्यातल्या बऱ्याच घड्याळांत सेइकोचं एनएच३५ हे ऑटोमॅटिक मशीन असतं. २४ ज्वेल, तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावी भरल्यावर सुमारे ४१ तास चाल. दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांचा फरक कंपनीच मान्य करते. रोलेक्स दोन सेकंदांची हमी देते. लोकल पकडणाऱ्याला पहिला हिशेब पुरतो. शिवाय हे मशीन इतकं सर्रास मिळतं, की बिघडलं तर दुरुस्तीत जीव घालवण्यापेक्षा नवं बसवणं परवडतं.

हात आखडता घ्यायचा तो नको तिथल्या नकलेसाठी. मुकुटाशी साधर्म्य असलेलं चिन्ह लावलं असेल, तर ते होमाज फर्स्ट कॉपीच्या वाटेला लागलंय असं मी समजतो आणि सोडून देतो.

पाण्याचं मात्र नीट बघून घ्या. तबकडीवर ‘२०० मीटर’ छापलंय म्हणजे ते डायव्हिंगच्या घड्याळांसाठीच्या आयएसओ ६४२५ या परीक्षेत उतरलंय असं नाही. त्या परीक्षेत सांगितलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाब द्यावा लागतो. तारकर्लीला टाकी पाठीला बांधून खाली जाणार असाल, तर या परीक्षेत उतरलेलं, तबकडीवर ‘डायव्हर्स’ लिहिलेलं सेइको घ्या. तेही रोलेक्सच्या मानाने खूपच स्वस्त आहे. पोहायला आणि कोकणच्या पावसाला होमाज पुरे, पण चावी स्क्रूने घट्ट बसणारी हवी. मागचं झाकण कधीही उघडलं, तर रबरी रिंग तपासून, दाबाची चाचणी करूनच घड्याळ परत घ्या.