हात दुखतो, पण तो हात दिवसभर करतो काय?

हात भरून येणे, खांद्यातून कळ निघणे, बोटांना मुंग्या येणे ही तक्रार आमच्या वस्त्यांमध्ये इतकी सर्रास झाली आहे की तिला आता कोणी आजार म्हणतच नाही. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बसलेल्या भगिनींकडे जरा नीट पाहा. चार-पाच जणी तरी अधूनमधून हात झटकत असतात, एखादी दुसऱ्या हाताने खांदा चोळत असते. विचारले तर उत्तर ठरलेले, "काही नाही, वात आहे." घरचे म्हणतात, वय झाले. औषधाच्या दुकानातला मुलगा दोन गोळ्या काढून देतो. दवाखान्यात गेलेच तर एक्स-रे निघतो, रक्त तपासले जाते, सगळे नॉर्मल येते आणि डॉक्टर सांगतात, टेन्शन घेऊ नका.

या शेवटच्या वाक्याशी आमचे भांडण आहे. तपासणीत काही सापडले नाही म्हणजे दुखत नाही, असे होत नाही. दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे ज्या समाजाने स्वीकारले त्याला तरी हे नव्याने सांगायला नको. कारण सापडत नाही, कारण ते जिथे असते तिथे पुष्कळदा कोणी शोधतच नाही. ते कामात असते. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो, त्यात बाईच्या नावापुढे 'घरकाम' असे लिहून मोकळे होतात. ते घरकाम स्वतःच्या घरचे की आणखी पाच घरांचे, हे त्या एका शब्दातून कसे कळावे? रोज पहाटे खराटा मारणाऱ्या माणसापुढे नुसते 'नोकरी' लिहिलेले आम्ही पाहिले आहे.

तीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्या घरचा मैल्याचा खड्डा उपसायला आलेला माणूस जीव तोडून घाई करताना त्यांना दिसला. एवढी घाई कशासाठी, असे त्यांनी त्याला विचारले. या खड्ड्यात जास्त वेळ राहिले की डोळे जातात, असे तो म्हणाला. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी शहरातल्या अशा इतर कामगारांचे डोळे पाहिले, मग कुंभार, धोबिणी, सुईणी अशा कितीतरी लोकांच्या कामाची चौकशी केली आणि १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली, तुम्ही काम काय करता? पुढे १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी एका लेखनिकाची हकीकत दिली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात शिणला आणि शेवटी निकामी झाला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला, तर काही काळाने डाव्याचीही तीच गत झाली. कामगारांच्या आरोग्याचे शास्त्र मैल्याचा खड्डा उपसणाऱ्या माणसाला विचारलेल्या एका प्रश्नातून उभे राहिले, ही गोष्ट आपल्या घरांतून मुलांना सांगावी अशी आहे.

आपल्याला तो प्रश्न विचारला गेला नाही तर उत्तर आपणच आधी द्यावे, असे आमचे म्हणणे आहे. डॉक्टरांना "हात दुखतो" एवढेच सांगू नका. सांगा की चार घरची धुणी पिळते, पन्नास पोळ्या लाटते, किंवा हंगामभर कोयता चालवते आणि डोक्यावरून मोळ्या वाहते. कोणता हात, दिवसा की रात्री, किती महिने, काय केल्याने वाढते, काय केल्याने उतरते, हे आठवडाभर मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा. लिहिता येत नसेल तर नातवंडांना सांगून लिहून घ्या.

आणि बोटे मोजा. हे फार महत्त्वाचे आहे. अंगठा, त्याच्या शेजारचे बोट, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यालाच मुंग्या येत असतील, त्याही रात्री झोपेतून उठवत असतील आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातल्या बोगद्यासारख्या जागेत नस दाबली जात असण्याचा संभव मोठा. कार्पल टनेल म्हणतात ते हेच. पिळणे, लाटणे, चिरणे, घट्ट मुठीत धरून झाडणे या कामांत मनगट सतत वाकते आणि त्याच नसेवर ताण येतो. गरोदरपणात आणि थायरॉइडच्या दुखण्यातही हे होते. करंगळी आणि अनामिकेची दुसरी बाजू बधिर होत असेल तर ती नस वेगळी, ती कोपराच्या आतल्या बाजूने जाते. कोपर ठेचले की झिणझिण्या येतात ना, तीच. हात उशाला घेऊन, कोपर पूर्ण दुमडून झोपणाऱ्यांना आणि मोबाइल तासन्‌तास कानाला लावणाऱ्यांना ती छळते. मान वळवली की खांद्यापासून बोटापर्यंत वीज गेल्यासारखी चमक येत असेल तर मूळ मानेत शोधावे लागते. आणि हात मागे नेऊन ब्लाउजचे हूक लागत नाहीत, वेणी घालता येत नाही, खांदा दिवसेंदिवस आखडत चालला आहे, असे असेल तर ते फ्रोझन शोल्डर. ते सुटायला एक ते तीन वर्षे लागू शकतात. मधुमेह असलेल्यांना ते अधिक होते.

हा नकाशा डॉक्टरांना ठाऊक असतो. पण ओपीडीत दीडशे माणसे रांगेत असताना तो उलगडायला त्यांना वेळ नसतो, म्हणून आपण तयारीने जायचे.

मधुमेहाचे नाव निघाले आहे तर थोडे थांबू. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांतल्या वेदनांनी त्यांना किती छळले हे आपण वाचतो. तरी आपल्यातले किती जण वर्षातून एकदा साखर तपासतात? वाढलेली साखर नसा पोखरते. सुरुवात बहुधा पायांपासून होते, हातांची पाळी नंतर येते. साखरेसाठी मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडू शकते, आणि त्यानेही मुंग्या येतात. तेव्हा कारण सापडत नाही असे म्हणण्याआधी साखर, थायरॉइड आणि बी-१२ या तीन तपासण्या झाल्या का, हे विचारा. एमआरआयसाठी दागिने गहाण ठेवण्याची घाई मात्र करू नका. चाळिशीनंतर ज्यांना काडीचा त्रास नाही अशांच्याही मानेच्या चकत्या त्यात सरकलेल्या दिसतात. फोटोत दिसले तेच दुखण्याचे मूळ, असे धरून चालता येत नाही.

एक कारण असे आहे की जे बोलायला लोक कचरतात. हात बधिर होतो आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. २००५ साली देशात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले. त्यामुळे तो गेलाच असे सगळे धरून चालले, पण रुग्ण अजून सापडतात, महाराष्ट्रातही सापडतात. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरा होतो. शिवाशिवीचा मार पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या आपण एखाद्या रुग्णाला वेगळे ताट लावावे, याहून लाजिरवाणे काय असेल?

काही दुखण्यांना मात्र वहीत लिहीत बसायचे नसते. छाती दाबल्यासारखी होऊन हात, खांदा किंवा जबडा दुखू लागला, घाम फुटला, दम लागला तर १०८ ला फोन करा. एकाएकी एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले तरीही तेच. मेंदूतली गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यात लिंबू-नारळ उतरवून टाकण्यात एक तास घालवणारी घरे अजून आहेत. हाताबरोबर चालताना पाय अडखळू लागले, लघवीवरचा ताबा गेला, सोबत ताप किंवा वजन घटणे असेल तर त्याच आठवड्यात मोठे रुग्णालय गाठा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा खांदा सतत ठणकत असेल आणि करंगळीकडची बाजू बधिर होत असेल तर छातीचा फोटो काढूनच घ्यावा. फुप्फुसाच्या शेंड्याची गाठ अशीही बोलते.

हे सगळे करूनही काहींच्या हाती निदान लागत नाही. नसांची विजेवरची तपासणीसुद्धा सुरुवातीच्या काळात नॉर्मल येऊ शकते. अशा माणसाला "मनाचे खेळ आहेत" म्हणणे हा अन्याय आहे. फार काळ दुखत राहिले की दुखण्याची खबर देणारी यंत्रणाच हळवी होते, मूळ जखम भरली तरी घंटा वाजत राहते. झोप न मिळणे आणि घरची काळजी ती आणखी हळवी करतात. यावर डॉक्टर कधी ॲमिट्रिप्टिलीनसारखी गोळी अगदी कमी मात्रेत देतात. दुकानदार "ही डोक्याची गोळी आहे" असे बोलून जातो आणि बाई ती गटारात टाकते. ती गोळी नसांच्या दुखण्यासाठीही दिली जाते. शंका आली तर ज्याने दिली त्यालाच विचारावे.

याउलट जी गोळी बिनधास्त खाल्ली जाते ती डायक्लोफेनॅकची, तिच्याबद्दल मात्र कोणाला शंका येत नाही. रोज एक, कामावर जायच्या आधी. महिनोन्‌महिने अशा गोळ्या घेतल्याने पोटात व्रण होतात, किडन्या बिघडतात आणि रक्तदाब-मधुमेह असेल तर लवकर बिघडतात. मान कडकडा मोडून देणाऱ्याकडेही जाऊ नका, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

घरच्या घरी करता येते ते साधेच आहे. रात्री मनगट सरळ राहील अशी पट्टी बांधून झोपल्याने अनेकांच्या मुंग्या काही आठवड्यांत कमी होतात. ओले कापड दोन्ही हातांनी पिळण्याऐवजी नळाला वेढा देऊन पिळा, लादीला दांड्याचे पुसणे मागा, खराट्याचा दांडा खांद्याच्या उंचीला येईल एवढा लांब करून घ्या. पोळ्या एका दमात लाटू नका. दुखरा हात गळ्यात बांधून आठवडेच्या आठवडे ठेवू नका, खांदा आखडतो. हळूहळू, दुखेल न दुखेल इतपत हलवत राहा. आणि बधिर हाताला गरम पाण्याची पिशवी लावू नका. चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. तवा सांडशीनेच धरा, संध्याकाळी हात उजेडात धरून एकदा पाहून घ्या.

हे वाचून एखादी ताई म्हणेल, दांड्याचे पुसणे मागितले तर बाई दुसरी कामवाली बघेल. म्हणेल, खाडा केला तर पैसे कापतात, दवाखान्यात कधी जाऊ? तिचे खरे आहे. हात सांभाळा असा सल्ला देणे सोपे असते. पण हातच भांडवल असलेल्या माणसाला एक दिवसाची सुट्टीही विकत घ्यावी लागते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे दिले गेले. त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. हप्ते नियमित भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराचे ७० टक्के मिळण्याची या विम्यात सोय आहे. कंत्राटी सफाई कामगारांपैकी ज्यांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जातात त्यांनी कंत्राटदाराकडून आपला विमा क्रमांक लेखी घ्यावा. पैसे कापले जातात आणि कार्ड नाही, अशी माणसे आमच्या ओळखीत आहेत. घरकाम करणाऱ्या भगिनींना मात्र हे छत्र अजून नाही. ते मिळावे यासाठी आमच्या संघटनांनी निवेदनांपलीकडे जायला हवे.

दरम्यान घरातल्या पुरुषांनी पाण्याचे हंडे भरावेत, चादरी पिळाव्यात, पीठ मळावे. यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

चौदा एप्रिलला गावोगाव आरोग्य शिबिरे होतील. वजन, रक्तदाब, साखर आणि चष्म्याचा नंबर एवढे तपासून माणसाला पुढे सरकवले जाते. आयोजक मंडळांना आमची विनंती आहे की यंदाच्या शिबिराच्या कागदावर दोन ओळी वाढवा. एकीत लिहा, हाताने रोज कोणते काम करता आणि किती तास? दुसरीत पंजाचे साधे चित्र छापा, म्हणजे जिथे मुंग्या येतात तिथे माणूस पेनने खूण करील. आमच्या तरुण डॉक्टर मंडळींपैकी एकाने त्या टेबलावर बसावे. कागद छापून घ्यायला अजून वेळ आहे.