आकाशगंगेच्या गाभ्यातील गॅमा किरण : कृष्णद्रव्याच्या क्षयाचा तर्क घनतेच्या कसोटीवर

नवी दिल्ली : विश्वातील एकूण पदार्थापैकी सुमारे ८५ टक्के वाटा असलेले कृष्णद्रव्य अर्थात ‘डार्क मॅटर’ प्रकाश देत नाही आणि शोषतही नाही. त्याचे अस्तित्व केवळ गुरुत्वाकर्षणातून कळते. त्याचे कण अतिशय संथ गतीने क्षय पावत असतील, तर त्यातून गॅमा किरण बाहेर पडावेत, असा तर्क भौतिकशास्त्रज्ञ मांडत आले आहेत. आकाशगंगेच्या केंद्राकडून येणाऱ्या अतिरिक्त गॅमा किरणांनी या तर्काची कसोटी पाहिली आहे.

‘नासा’ची फर्मी दुर्बीण जून २००८ मध्ये अवकाशात झेपावली. तिच्या नोंदींवरून लिसा गुडइनफ आणि डॅन हूपर यांनी २००९ मध्ये या अतिरिक्त किरणांकडे लक्ष वेधले. ज्ञात स्रोतांचा वाटा वजा केल्यावरही काही अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे किरण शिल्लक राहतात, हे पुढील विश्लेषणांतही दिसून आले. वाद आहे तो त्यांच्या उगमाबाबत.

येथे निर्णायक ठरते ती किरणांची मांडणी. कणांचा क्षय होत असेल, तर किरणांचे प्रमाण घनतेनुसार वाढते. दोन कण एकमेकांना नष्ट करत असतील, तर ते घनतेच्या वर्गानुसार वाढते. म्हणजे घनता दहापट झाली, की क्षयाचे किरण दहापट, तर परस्परविनाशाचे शंभरपट होतात. प्रत्यक्षात अतिरिक्त किरण केंद्राकडे झपाट्याने वाढतात. क्षयाचा प्रकाश मात्र त्या तुलनेत दूरवर पसरलेला असायला हवा. शिवाय, तो सर्व दिशांनी दिसायला हवा. फर्मीने मोजलेल्या पार्श्वभूमी किरणांवरून अनेक क्षयप्रकारांसाठी कणांचे आयुर्मान विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षे वयाच्या अब्जावधी पट असले पाहिजे, असा निष्कर्ष निघतो.

त्यामुळे क्षयाची बाजू कमकुवत ठरते. पण परस्परविनाशाचा विजयही निश्चित नाही. सेकंदाला शेकडो वेळा फिरणारे मिलिसेकंद स्पंदक तारेही अशाच ऊर्जेचे किरण देतात. फर्मीला आढळलेल्या अनोळखी स्रोतांच्या जागी असे स्पंदक शोधण्यात पुणे जिल्ह्यातील खोडद येथील ‘जीएमआरटी’ रेडिओ दुर्बिणीचा वाटा आहे. भारताचा सहभाग असलेल्या ‘एसकेए’ या अधिक संवेदनशील दुर्बिणीची उभारणी ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत सुरू आहे. केंद्राजवळ पुरेसे स्पंदक सापडले, तर कृष्णद्रव्याचा एक महत्त्वाचा संभाव्य पुरावा निकाली निघेल. ते सापडले नाहीत, तर परस्परविनाशाच्या दाव्याला बळ मिळेल.