वकील परतले, तेव्हाच राज्य गेले

आमच्या भुकूमच्या परिसरात, खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावणारी राम नदी भूगाव, बावधन, पाषाण करीत मुळेला मिळते आणि मुळा पुण्यात मुठेला. या संगमावर सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या वकिलाची, म्हणजे रेसिडेंटची, वसाहत होती. चार्ल्स मॅलेट हा पहिला रेसिडेंट १७८६ साली पुण्यात आला. पुढे बत्तीस वर्षांत पेशवाई संपली. ती कशी संपली हे आज आठवण्याला कारण आहे.

गेल्या काही वर्षांत परराष्ट्र खात्याच्या बातम्या आपण क्रिकेटच्या धावसंख्येसारख्या वाचू लागलो आहोत. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत आणि कॅनडा यांनी एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी घालवून दिले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारत-पाकिस्तानने परस्परांच्या उच्चायुक्तालयांतील माणसे ५५ वरून ३० वर आणली. अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : आपण त्यांचे किती काढले? प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. माणसे काढल्यावर बोलायची वाट कोणती उरली, हेही विचारायला हवे.

मराठी राज्याला या वाटेचे मोल ठाऊक होते. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार पाहणारा डबीर होता. त्यालाच पुढे सुमंत म्हटले गेले. पेशवाईत दिल्लीला हिंगणे, हैदराबादला गोविंदराव काळे असे वकील दरबारची बित्तंबातमी पुण्याला कळवीत. या पत्रांच्या जोरावर नाना फडणवीसांनी १७८० मध्ये हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका फळीत आणले. ती फळी अभंग राहिली नाही. तरीही १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांना राघोबादादांची बाजू सोडावी लागली. तलवार लढली खरी, पण तिला दिशा पत्रांनी दिली.

मग आला ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह. दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची फौज घेतली, हे आपण शाळेत शिकलो. पण कंपनीशी विचारविनिमय केल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, हे कलम आपण विसरतो. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. त्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी घेतलेली होती. संशय पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर आला आणि एल्फिन्स्टनला हवे ते निमित्त मिळाले. जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांनी इतर दरबारांत आपले वकील ठेवायचे नाहीत आणि त्यांचे आपल्याकडे घ्यायचे नाहीत, असे ठरले. जे काही बोलायचे ते रेसिडेंटमार्फत! ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, संगमावरची वसाहत जळाली. पण ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. शनिवारवाड्यावर निशाण नंतर बदलले. राज्य त्याआधीच मुके झाले होते.

माझी नोकरी बँकेत गेली. बँक बुडते ती तिजोरी रिकामी झाल्यावर, असा लोकांचा समज असतो. खरे तर इतर बँका तिचा ड्राफ्ट घेताना का-कू करू लागल्या की आम्ही ओळखत असू, हिचे काही खरे नाही. राज्याचेही तसेच आहे. चार घरी त्याच्या शब्दावर व्यवहार होतो, तोवर ते राज्य.

आजचा भारत म्हणजे बाजीराव नव्हे. आपण माणसे काढली ती स्वतःच्या निर्णयाने. पेशव्यांचे वकील परतले ते दुसऱ्याच्या हुकमाने. हा फरक मोठा आहे. परंतु स्वखुशीने बंद केलेल्या दाराचीही किंमत असते आणि ती अनेकदा सामान्य घरांतून वसूल होते. २०२३ मध्ये भारताने कॅनेडियन नागरिकांचे व्हिसा काही आठवडे थांबवले, तर कॅनडाने आपले ४१ अधिकारी भारतातून माघारी नेले. टोरांटोला मुलगा आणि कोथरूडला आईवडील अशा घरांना परराष्ट्र धोरण म्हणजे काय, हे तेव्हा अग्रलेखाविना कळले.

शहाणी राज्ये म्हणूनच भांडतानाही एक खिडकी उघडी ठेवतात. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलच्या युद्धानंतरही ही प्रथा मोडली नाही. कॅनडाशीही २०२५ मध्ये पुन्हा उच्चायुक्त नेमण्याचे ठरले. यात कोणाची मान खाली गेली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणा अधिकाऱ्याला देश सोडायला सांगितल्याची बातमी आली, तर टाळी जरूर वाजवावी. पण मुलांना संगमाची गोष्टही सांगावी. शत्रूशी बोलणे म्हणजे दुबळेपणा नव्हे. कोणाशी, कधी आणि काय बोलायचे हे दुसऱ्याने ठरवणे, हा खरा दुबळेपणा. पेशव्यांना हे उमगले तेव्हा त्यांचे म्हणणे परमुलखी पोचवायला वकीलच उरला नव्हता.