खपाचा दाखला कोणाला मागता?

तामलवाडीच्या फाट्यावर परवा पोरांचा वाद रंगला होता. ज्या व्हिडीओ गेमचा खप जास्त तोच भारी, असे एकाचे म्हणणे. आम्ही हसून सोडून दिले असते. पण नेमका हाच न्याय आठ दिवसांपूर्वी परिसरातील एका वाचनालयाच्या बैठकीत आम्हाला ऐकवण्यात आला होता. बाबासाहेबांचे खंड मागवा म्हटले, तर उत्तर आले, "वकीलसाहेब, त्याला मागणी नाही. खपते तेच ठेवावे लागते."

आधी पोरांचे पाहू. निन्टेंडो या जपानी कंपनीने २०१४ साली 'मारिओ कार्ट ८' हा गेम 'वी यू' या यंत्रासाठी काढला. प्रती खपल्या सुमारे ८४ लाख. गेम नावाजलेला, तरी त्याने यंत्राला तारले नाही; ते जगभरात दीड कोटीही विकले गेले नाही. २०१७ मध्ये तोच गेम थोडी भर घालून 'स्विच' या नव्या यंत्रावर आला आणि खप ६ कोटींच्या पुढे गेला. कारण स्विच १५ कोटींहून अधिक विकले गेले. मग गेमचा दर्जा काय सातपट वाढला? चांगला गेम यंत्राला हात देतो हे खरेच. पण यंत्रच घरात नसेल तर गेम घेणार कोण?

हे शिकायला आम्हाला जपान कशाला हवा? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे 'मूकनायक' बंद पडला. त्यावरून त्याचा दर्जा ठरवायचा काय?

आणि खंडांना मागणी नाही म्हणता? दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढची झुंबड एकदा पाहून या. शासनाच्या खंडांची छपाई इतकी रखडली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. छापायचे नाही, कपाटात ठेवायचे नाही आणि मग नोंदवहीत मागणी शून्य! असा पुरावा कोर्टात आला तर न्यायाधीश आधी विचारतील, ही नोंदवही लिहिली कोणी?

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अनुदान मिळते ते सरकारी तिजोरीतून. त्यात आमच्या वस्तीचाही पैसा आहे. खंडांसाठी वस्तीतल्या लोकांच्या सह्यांचा लेखी अर्ज आम्ही दिला आहे आणि पोचही घेतली आहे. आता मागणी नोंदवहीत चढते की नाही, ते पुढच्या बैठकीत पाहू.