थोरलीच्या कडेवर

"आमच्या वेळी बापाचा आवाज दारात आला की घर चिडीचूप व्हायचे," असे जुनी माणसे अभिमानाने सांगतात. "मुलांशी मित्रासारखे वागा," असे आजची पुस्तके सांगतात. धाक बरा की मैत्री, या वादात सगळे बोलतात ते आईबापांच्या स्वभावाविषयी. मूल सांभाळायला घरात कोणाचे हात मोकळे होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आमच्या ईट गावात आजोबांच्या पिढीत वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचे लेकरू उचलणे लाजेचे मानीत. म्हणून त्याला माया नव्हती काय? बाजाराहून येताना उपरण्यात रेवड्या बांधून आणणारा तोच असे; त्या आजीच्या हातून मुलांना मिळत, एवढेच. धाक बापाचा, लाड आजीचे आणि लेकरू मात्र थोरल्या बहिणीच्या कडेवर! आई रानात गेली, की सात-आठ वर्षांची पोर धाकट्याला सांभाळी. माझ्या आत्याची शाळा याच कारणाने दुसरीत सुटली. तिने सांभाळलेला भाऊ, म्हणजे माझे वडील, दहावीपर्यंत शिकले आणि त्यांची मुलगी आज बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात आहे. आमच्या घराण्यातील पहिल्या पदवीच्या पायात आत्याची सुटलेली शाळा आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे दुखणे फार पूर्वी ओळखले. आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली त्यांचे काम सुरू झाले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून तेथे अंगणवाडी जन्मली. पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभारली. पाठचे भावंड पाळण्यात सुखरूप असेल, तरच थोरली वर्गात बसू शकते, हे त्यांना कळले होते. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचले.

परदेशाचेच उदाहरण हवे असेल, तर स्वीडनचे घ्या. घरातसुद्धा मुलांना मारण्यास बंदी करणारा तो जगातील पहिला देश. ते साल १९७९. पण त्याआधी, १९७४ मध्ये, त्याच देशाने आई किंवा वडील कोणीही घेऊ शकेल अशी पगारी संगोपन रजा दिली होती. आधी वेळ दिला, मग हात आवरायला सांगितले. आपण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मार बंद केला, हे योग्यच झाले. पण आईबापांना वेळ कोण देणार?

आमच्या भागातील कित्येक जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून तेथे 'एक कोयता' मोजला जातो. उचल फेडण्यासाठी पहाटेच्या अंधारात फडात उतरणाऱ्या आईला 'मुलाशी संवाद साधा' असे कोणत्या तोंडाने सांगावे? कोपीपाशी तान्ह्याला घेऊन आजही थोरलीच बसते. संस्कारांवर व्याख्याने देण्यापूर्वी प्रत्येक फडाजवळ पाळणाघर उभे राहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मित्रमैत्रिणींनो, उद्या आपणही आईबाप होऊ. जुन्या घरातील आजीची माया जरूर ठेवू. बापाचा धाक सुटला तरी काही बिघडणार नाही. पण आपल्यातील मुलांनी चारचौघांत स्वतःचे लेकरू उचलायला लाजू नये. बापाने ते घेतले, तरच थोरलीचे हात पाटी-पुस्तकासाठी मोकळे होतील.