रॅप्चर कधी होणार? ख्रिस्ती धर्मातला खरा वाद तारखेचा नाहीच!

सप्टेंबर २०२५ मध्ये 'रॅप्चरटॉक' हा हॅशटॅग तुमच्याही फीडवर आला असेल. दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाने दावा केला होता, की येशूने आपल्याला दर्शन दिलंय आणि २३-२४ सप्टेंबरला तो आपल्या लोकांना न्यायला येणार आहे. टिकटॉकवर व्हिडिओंचा पाऊस पडला. कुणी 'मी गाडी विकली' म्हणून सांगत होतं, तर कुणी मागे राहणाऱ्यांना सूचना देत होतं.

२५ तारीख उजाडली. काहीच झालं नाही. मीम्स आले आणि विषय संपला.

पण तारखेच्या या गोंधळामागे एक जुना, गंभीर वाद आहे. तो असा, की देव आपल्या माणसांना दुःखातून आधीच बाहेर काढतो, की दुःखातून जाताना सोबत करतो?

रॅप्चर म्हणजे नेमकं काय?

बायबलमध्ये संत पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र आहे. येशू परत येईल तेव्हा श्रद्धावान माणसं ढगांमध्ये उचलली जातील, असं त्याच्या चौथ्या अध्यायात म्हटलंय. या 'उचलून नेण्याला'च रॅप्चर म्हणतात. दुसरीकडे, मत्तयाचं शुभवर्तमान आणि प्रकटीकरण या पुस्तकांत शेवटच्या काळातल्या मोठ्या संकटाचं वर्णन आहे.

वाद इथेच सुरू होतो. श्रद्धावान माणसं या महासंकटाच्या आधी उचलली जाणार की नंतर?

'आधी' म्हणणारे कोण?

१८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने 'आधी' ही मांडणी पुढे आणली. अमेरिकेत १९०९ साली आलेल्या स्कोफिल्ड रेफरन्स बायबलमधल्या टिपांमुळे ती घरोघरी पोहोचली. १९९५ पासून आलेल्या 'लेफ्ट बिहाइंड' या कादंबरीमालिकेने तर ती पॉप कल्चरचा भाग बनवली.

'नंतर' म्हणणाऱ्यांचा आक्षेप काय?

अमेरिकन अभ्यासक जॉर्ज एल्डन लॅड यांनी १९५६ साली 'द ब्लेसेड होप' या पुस्तकात 'आधी'ची मांडणी खोडून काढली. त्यांच्या मते चर्च महासंकटातून जाणार आणि त्यानंतरच येशू येणार.

पण सगळ्यात टोचणारा आक्षेप घेतला तो कोरी टेन बूम यांनी. नेदरलँड्समधल्या हार्लेमचं हे घड्याळजींचं कुटुंब. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ज्यूंना घरात लपवलं. १९४४ साली नाझींनी त्यांना पकडलं. वडील तुरुंगवासात गेले, बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत गेली. कोरी वाचल्या.

'संकट येण्याआधीच आपण सुटू' ही शिकवण घातक आहे, असं त्यांनी पुढे ठामपणे मांडलं. त्यांनी चीनचं उदाहरण दिलं. तिथल्या ख्रिस्ती लोकांना 'छळाआधीच तुम्हाला उचलून नेलं जाईल' असं शिकवलं गेलं होतं. प्रत्यक्षात छळ आला, तेव्हा त्यांची तयारीच नव्हती.

मग 'आधी' म्हणणारे पळपुटे आहेत का?

इतकं सोपं नाही. त्यांचं उत्तर असं, की आजारपण, गरिबी, छळ ही दुःखं सगळ्यांच्या वाट्याला येतात आणि ती आम्हीही नाकारत नाही. पण महासंकट म्हणजे पापी जगावरचा देवाचा कोप. जे देवाचे आहेत, त्यांना तो आपल्याच कोपाखाली का ठेवेल? याला आधारही पौलाच्या त्याच पत्राचा. त्याच्या पाचव्या अध्यायात देवाने आपल्याला कोपासाठी नेमलेलं नाही, असा उल्लेख आहे.

'नंतर' म्हणणारेही बायबलच पुढे करतात. रोमकरांच्या पत्रात दुःखातून चिकाटी आणि चिकाटीतून आशा येते, असं पौल सांगतो. त्यांच्या दृष्टीने दुःख हा अपघात नाही, श्रद्धा घडवणारी भट्टी आहे. पण यातही धोका आहे. 'देव तुला घडवतोय' हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला किंवा पिळवणूक सोसणाऱ्या मजुराला ऐकवलं, तर ते अन्यायाला मूकसंमती देण्यासारखंच होतं.

आपल्याकडे काय?

गोवा आणि वसईतला बहुसंख्य ख्रिस्ती समाज कॅथलिक आहे. कॅथलिक चर्च महासंकटाआधीच्या रॅप्चरची शिकवण मानत नाही. उलट, ख्रिस्ताच्या पुनरागमनाआधी चर्चला एका अंतिम परीक्षेतून जावं लागेल, असं त्यांच्या अधिकृत धर्मशिक्षणात म्हटलंय.

आणि तारखांचं काय?

तो दिवस आणि ती घटका कुणालाही ठाऊक नाही, हे मत्तयाच्या २४ व्या अध्यायात येशू स्वतः सांगतो. तरीही १८४४ साली अमेरिकेत विल्यम मिलर यांचे हजारो अनुयायी वाट बघत राहिले. २०११ साली हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे ही तारीख दिली, तेव्हा अनुयायांनी जाहिरातींसाठी साठवलेले पैसे खर्च केले. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी चूक कबूल केली. पैसे मात्र गेलेच होते.

म्हणून पुढची तारीख व्हायरल होईल तेव्हा फक्त हसून स्क्रोल करू नका. त्या व्हिडिओमागे बऱ्याचदा 'हे सगळं एकदाचं थांबू दे' असं वाटणारं, थकलेलं माणूस असतं. त्याला दुःखातून सुटकेची तारीख द्यायची की दुःखात सोबत द्यायची, हाच या वादातला खरा प्रश्न आहे.